ळ नसलेला मेळा

गेल्या महिन्यात भोकरदनला माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीत मानपत्र. सूत्रसंचालन करणारा पोरगा माईकवर म्हणाला, "गुरुजींच्या एका गाण्यानं गावानं वाळीत टाकलेल्या बाईला गावात परत आणलं!" टाळ्या वाजल्या. मीही हात जोडले. खुर्चीवर हार घालून बसवलेला माणूस तेवढ्यापुरता लबाडच होतो. घरी आल्यावर मात्र ते मानपत्र मी कपाटात उलटं ठेवून दिलं.

कारण गाण्यानं काहीही झालं नव्हतं. जे झालं ते एका चुकीनं झालं आणि भज्यांनी झालं. चूक उर्दूत ळ नसल्याची. हे मानपत्रात बसत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

गावाचं नाव सांगत नाही. धावड्याच्या शिवेला लागून आहे, एवढं पुरे. नातवंडांच्या सोयरिकी अजून व्हायच्या आहेत.

साल सदतीस असावं. आमच्याकडं तेव्हा फसली सन चालायचा, त्यामुळे इंग्रजी साल आठवायला बोटं मोडावी लागतात. राज्य निजामाचं, कचेरी उर्दूत आणि शाळाही उर्दूत. भजनाला बसा, लग्नाला बसा, कोणी विचारत नव्हतं. पण व्याख्यान, सभा किंवा मेळा म्हटलं की भोकरदनच्या कचेरीतून इजाजतीचा कागद आणावा लागे. आमच्या गावात आम्ही सात-आठ जणांनी सेवामंडळ काढलं होतं. मारुतीच्या पाराशेजारी एक खोली, सतरा पुस्तकं, आठवडाभर शिळं वर्तमानपत्र आणि एक कंदील, एवढा आमचा संसार. बद्रीनाथ आमचा म्होरक्या. तो बोलायचा कमी आणि राबायचा जास्त. मी कचरू, मंडळाचा कवी. मी बोलायचो जास्त.

काय दिवस होते ते! पुस्तकाला पुठ्ठा चिकटवायला आम्ही घरातून ज्वारीचं पीठ चोरून खळ करायचो आणि उंदीर खळीसकट पुठ्ठा खायचे. पटकीची साथ आली तेव्हा याच पोरांनी विहिरींत लाल औषध टाकलं, घरोघर उकळलेलं पाणी पोचवलं. आज गावात नळ आहे, दवाखाना आहे, पण त्या खोलीतला कंदिलाचा वास कधी मध्येच आठवतो आणि मन कासावीस होतं.

त्या पटकीतच तुळजाबाईचं प्रकरण झालं.

तुळजाबाई म्हणजे आमच्या भावकीतल्या भुजंगकाकांची धाकटी बहीण. ऐन तिशीत नवरा गेला, पदरात मूल नाही, म्हणून माहेरी परत आलेली. गावाच्या कडेला दोन खणांचं घर आणि थोडं शेत काकांनीच तिला करून दिलं होतं. बहिणीवर त्यांचा जीव होता, हे आधीच सांगून ठेवतो. बाईची जीभ तिखट आणि हात त्याहून तिखट. तिच्या हातचा ठेचा खाऊन पाहुणे माघारी गेले की म्हणायचे, "धावड्याच्या वाटेला पाणवठे कमी हायेत."

इनायतभाई अर्जनवीस. भोकरदनच्या कचेरीसमोर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचा. घर आमच्याच गावात, मोहरमचा अलावा पेटतो त्या मैदानाला लागून. पटकीच्या दिवसांत तो कसल्याशा मुकदम्यासाठी औरंगाबादला अडकला आणि इकडं त्याच्या बायकोला, रहिमुन्निसाला, पटकी लागली. आम्ही मंडळाची पोरं दारापर्यंत औषध पोचवत होतो, पण आत बाईमाणसाजवळ कोण बसणार? तुळजाबाई बसली. चार दिवस, चार रात्री. पाचव्या दिवशी रहिमुन्निसा भिंतीला धरून उठली आणि पहिलं काम तिनं काय केलं, तर स्वतःच्या हातानं तांब्या भरून तुळजाबाईपुढं धरला. तुळजाबाई ते पाणी प्याली. नेमकी ओसरीसमोरून जाणाऱ्या कोणीतरी पाहिलं.

साथ ओसरल्यावर पंच बसले. पाच पंचांत भुजंगकाका मुख्य. बाई आजाऱ्याजवळ बसली याचं कोणाला काही नव्हतं, उलट कौतुकच होतं. अडलं पाण्यावर. पंच म्हणाले, प्रायश्चित्त घे, चुकून झालं म्हण, मिटवून टाकू.

"चुकून कसं म्हणू?" तुळजाबाई म्हणाली. "मरणातून उठली बिचारी. उठल्याउठल्या पयलं पाणी मला दिलं. मला तहान लागल्ती. मी प्याले. चुकून बिलकुल न्हाई."

काकांनी डोळ्यांनी विनवलं, धमकावलं, शेवटी मान खाली घातली. बाई वाळीत पडली.

वाळीत म्हणजे काय हे आजच्या पोरांना कळायचं नाही. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. फक्त शेजारीण चुलीतला विस्तव देत नाही. विहिरीवर घागर लावू देत नाहीत, ओढ्यात झिरा खोदून पाणी भरावं लागतं. बारशाला बोलावणं नाही. आणि भाऊबीजेला भाऊ येत नाही. तीन भाऊबीजा तुळजाबाईनं पाट मांडला आणि तीनदा उचलून ठेवला. चौथ्या वर्षी भाद्रपद लागला तशी ती वाचनालयाच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"बद्रीनाथ, दसऱ्यानंतर मी जालन्याला चालले. जिनिंगात बाया लागतेत म्हणे, कापूस निवडायला. घर दादाचं हाय, दादाला सांग. मी त्याच्याशी बोलू शकत न्हाई."

"तुळजाक्का, थोडं थांबा. यंदा मेळ्यात आम्ही हाच इषय घेऊन राह्यलो. कचरूनं गाणं केलंय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी छाती फुगवली. ती निघून गेली.

गाणं मी खरंच केलं होतं. मेळा म्हणजे गणपतीपुढं नाचत-गात समाजाचे कान उपटणारा पोरांचा ताफा. आमचा मेळा पंचक्रोशीत गाजलेला. दारूवर, हुंड्यावर आमची गाणी होती. यंदाचं गाणं पाण्यावर:

विहिरीला जात पुसली, आभाळाला पुसली का?
तहानेल्या पाणी देता गंगा कधी रुसली का?

अशी सहा कडवी. तेव्हा वाटायचं, हे ऐकलं की पंच ढसढसा रडतील आणि उठून थेट तुळजाबाईच्या दारी जातील. चाल अजूनही वाईट नाही, पण ते असो.

इजाजतीचा अर्ज अर्थातच इनायतभाईनं लिहिला. पैसे घ्यायला साफ नकार दिला. "तुळजाबाईच्या कामाचे पैसे घेऊ? तोंड काळं करू का माझं?" गणपती बसून चार दिवस झाले तेव्हा कागद आला. त्यावर मोठा शिक्का होता. बद्रीनाथनं पारावर उभं राहून मोठ्यानं वाचला, "मेला मंजूर."

खाली बसलेली एक म्हातारी दचकली. "आगं बया! कोन मेला?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढचं वाचल्यावर हसू थांबलं. कागदात लिहिलं होतं की या गावाला चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, अलाव्याच्या मैदानात, सूर्य मावळेपर्यंत मेला भरवायला इजाजत आहे. दुकानं ओळीनं लावावीत. पाळणा मजबूत असावा. गुरंढोरं दूर बांधावीत. तकरीर, म्हणजे भाषण, होऊ नये.

इनायतभाईला बोलावलं. त्यानं कागद पाहिला आणि मटकन खाली बसला.

"उर्दूत तुमचा ळ न्हाई, बद्रीनाथ. मी ल लिव्हला. आमच्यात मेला म्हंजे जत्रा. त्यांनी जत्रेची इजाजत देऊन टाकली. गलती माझीच. हरूफ न्हाई तर कंसात समजावून लिव्हायला पायजे व्हतं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! दुसरा अर्ज करावा, तर इजाजतीवर सही करणारे अमीनसाहेब दौऱ्यावर, आठ दिवस परतणार नव्हते. तोवर गणपती पाण्यात. त्यात दुसऱ्या दिवशी कचेरीचा जमादार जागा पाहायला आला. उंच, मिशाळ, स्वभावानं वाईट नव्हता. आम्ही त्याला समजावलं की आम्हाला जत्रा नको, गाणारा मेळा हवा.

"कागज में मेला है," तो म्हणाला, "तो मेरेकु मेला दिखना. दुकानां दिखना, झूला दिखना. कागज में एक और जमीन पे एक हुआ, तो तुमारे किताबों के कमरे को ताला. मेरा हुक्म नै बाबा, कायदा है."

"जत्रेत गाणं म्हटलं तर?" बद्रीनाथनं विचारलं.

"मेले में गाना-बजाना तो होताच."

तो गेल्यावर बद्रीनाथ म्हणाला, "मंग काय, भरवू जत्रा." जणू जत्रा म्हणजे मिरच्यांचा वाफा.

चार दिवसांत जत्रा उभी करायची म्हणजे काय असतं ते करून पाहावं. कुंभाराला सांगितलं, तो आला. धावड्याहून बांगड्यांचा एक कासार कबूल झाला. गोडीशेववाला मिळाला. सुताराकडून दोन बैलगाड्यांची चाकं आणि इनायतभाईच्या घरचं जुनं लाकूड मिळवून पाळणा झाला. त्यात बसलेला पहिला माणूस बद्रीनाथच, आणि तो उतरल्यावर अर्धा तास बोलला नाही. इनायतभाई चुकीचं प्रायश्चित्त म्हणून दिवसभर खांब रोवत होता. फक्त भजेवाला राहिला. तो भोकरदनचा, दरवर्षी देवीच्या जत्रेत यायचा. ऐनवेळी निरोप आला, ताप भरलाय, येत नाही.

भज्यांच्या वासाशिवाय जत्रा कसली? आम्ही मैदानात डोक्याला हात लावून बसलो असताना मागून आवाज आला.

"मी मांडते भज्याचं दुकान."

तुळजाबाई होती. रहिमुन्निसाच्या ओसरीवर बसून ती सगळं ऐकत होती.

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की हिचं दुकान पाहून पंच निघून जातील आणि माझं गाणं वाया जाईल. एवढा मी तेव्हा शहाणा होतो.

"आक्का, लोक घेतील का?" बद्रीनाथनं हळूच विचारलं.

"जत्रेत इचारायचं नसतं ना?" ती म्हणाली.

हेही सांगायला हवं. आमच्या गावाची एक जुनी रीत आहे. जत्रेत विकत घेऊन खाल्लेल्याला विटाळ धरायचा नाही. कोणाच्या हातचं, कोणाच्या घरचं, विचारायचं नाही. आपापल्या घरी सोवळं पाळणारी माणसं देवीच्या जत्रेत कोणाचीही रेवडी मिटक्या मारत खायची. बद्रीनाथच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. मेळ्याला जे जमलं नसतं ते जत्रेला जमण्याजोगं होतं. मेळा गणपतीच्या मांडवात झाला असता तर तुळजाबाईला मांडवात पाऊल टाकता आलं नसतं. जत्रा मैदानात होती आणि मैदान सगळ्यांचं होतं.

"पण पाणी कुठून आणाल? झिरा लांब पडतो," मी विचारलं. मला शंका काढायला तेवढंच सुचलं.

"माझ्या घरचं नेईल की," रहिमुन्निसा म्हणाली आणि लगेच चपापली. "नको बाई. लोगां क्या बोलेंगे. तुमचंच नुकसान होईल पुन्हा."

"तुझंच पाणी लागंल मला," तुळजाबाई म्हणाली. "भर घागर."

जत्रेच्या दिवशी दुपारी ऊन-सावली होती. बाजरीची कणसं भरत आली होती. मैदानात आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं आली. एका दिवसाची जत्रा, कोणत्या देवाची ते कोणालाच माहीत नाही! बाया एकमेकींना विचारत होत्या, "कोनत्या देवाची गं?" आणि एक म्हणाली, "सरकारी हाय." पाळणा कुरकुरत फिरला. जमादारानं ओळीनं दुकानं मोजली, मिशीवरून हात फिरवला आणि थेट भज्यांच्या कढईपाशी जाऊन बसला.

त्या भज्यांचा वास मला आजही येतो. करडीचं तेल, जाडसर बेसन, ओवा, आणि आत अख्खी हिरवी मिरची. जमादारानं एक खाल्लं, डोळे मिटले, दुसरं मागितलं. मग परगावची माणसं आली. मग आमच्याच गावातली पोरं, मग बाया, पदराआड पुडी धरून. जत्रेत विचारायचं नसतं. कोणी विचारलं नाही. खाऊन झालं की मात्र पाणी प्यायला प्रत्येक जण गोडीशेववाल्याच्या घागरीकडं जायचा. हे तुळजाबाई पाहत होती. मीही पाहिलं. तळलेलं खाणं वेगळं आणि पाणी वेगळं. तिच्या शेजारी रहिमुन्निसाची तांब्याची घागर भरलेली तशीच होती, वर तांब्या पालथा.

उन्हं कलल्यावर आमचं गाणं झालं. डफ, टाळ, तुणतुणं. मी पुढं. सहाच्या सहा कडवी म्हटली, शेवटचं तर दोनदा. पंच पुढच्याच रांगेत होते. भुजंगकाका गुडघ्यावर ठेका धरून ऐकत होते. "गंगा कधी रुसली का" आलं तेव्हा त्यांनी चक्क मान डोलावली. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, कोणी म्हणालं "कचरूचा गळा लई गोड," आणि सगळे उठून पाळण्याकडं गेले. बस. तुळजाबाईकडं एकानंही वळून पाहिलं नाही. गाणं आवडलं होतं, एवढंच. लोकांना आपल्याविषयीचं गाणं दुसऱ्याविषयी वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी डफाशेजारी बसून राहिलो. रडू यायच्या बेतात होतो.

तेवढ्यात भुजंगकाका एकटेच मागे राहिले. रेंगाळले. बांगड्या पाहिल्यासारखं केलं, मडकं वाजवून पाहिलं. आणि असे फिरत फिरत, जणू पाय आपोआप नेतायत, कढईपुढं जाऊन उभे राहिले. वर न पाहता पैसा फळीवर ठेवला.

"भजे दे."

परक्या दुकानदाराशी बोलावं तसं. तुळजाबाईनंही वर पाहिलं नाही. पळसाच्या पानात भजी घातली, फळीवर सरकवली. काकांनी पाठ फिरवली आणि उभ्याउभ्या खाऊ लागले. तीन वर्षांनी बहिणीच्या हातचं खात होते. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पण ती पाठसुद्धा हळूहळू वाकत गेल्यासारखी वाटली.

तिसऱ्या भज्यात मिरची होती. काकांना ठसका लागला आणि मग उचकी. थांबेचना. डोळ्यांतून, नाकातून पाणी. माणसं परतली, भोवती जमली, हसू लागली. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"कोन आठवन काढतंय, भुजंगराव?" गर्दीतला एक जण म्हणाला. "नाव घ्या, जल्दी थांबंल."

कढईमागून आवाज आला. "मी काढते, दादा. तीन वरसं रोज काढते. तुला उचकी आजच लागली व्हय?"

हसणं एकदम थांबलं. काका वळले. तोंड लालबुंद, उचकीनं खांदे उडतायत. ते बोलू शकत नव्हते. त्यांनी हात पुढं केला, पाण्यासाठी करतात तसा. गोडीशेववाल्याची घागर वीस पावलांवर होती, कोणीतरी तिकडं पळालंही. पण हात बहिणीपुढं पसरला होता. तो कसा पसरला हे पुढं त्यांना कधी सांगता आलं नाही.

तुळजाबाईनं तांब्या भरला. धरला. पण दिला नाही.

"दादा, ऐक आधी. भज्याचं कुनी इचारलं न्हाई, म्हनून मी सांगितलं न्हाई. पाणी तू मागितलं, म्हनून सांगते. ही घागर रहिमुनबीच्या घरची हाय. पाणी तिच्याच घरचं. मंग म्हनशील, सांगितलं न्हाई."

माझ्या शेजारी बद्रीनाथ पुटपुटला, "कामून सांगितलं आक्कानं!" मलाही तेच वाटलं. न सांगता दिलं असतं तर काम फत्ते होतं. पण खोटं बोलून आत यायचं असतं तर ती तीन वर्षांपूर्वीच आली असती. ओसरीवर रहिमुन्निसा तोंडाला पदर लावून उभी होती. इनायतभाईनं मान फिरवली होती.

काकांनी तांब्याकडं पाहिलं. मग हातातल्या पानाकडं पाहिलं, अर्ध्या भज्याकडं. मला वाटतं त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं की बेसन कालवायलाही पाणी लागतं. त्यांच्या तोंडावर मोठं चमत्कारिक काहीतरी उमटलं, रडू आणि हसू यांच्या मधलं. पुन्हा उचकी आली. त्यांनी तांब्या घेतला. वरून ओतून घेतलं नाही, तोंडाला लावला आणि गटागटा संपवला. पाणी मिशांवरून सदऱ्यावर ओघळलं. उचकी थांबली.

"अजून दे," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "तुळजे, मिरच्या कमी घालत जा की गं. म्हातारा झालो मी."

तुळजाबाईनं दुसरा तांब्या भरला आणि तो भरतानाच ती रडायला लागली. चार दिवस पटकीत बसलेली, पंचांपुढं ताठ उभी राहिलेली बाई, डोळ्यांना झारा धरलेलं मनगट लावून पोरीसारखी रडत होती. ते आठवलं की माझे डोळे आजही भरतात, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सगळं गाव बदललं असं म्हणणार नाही. पाचांतले दोन पंच धोतराचा सोगा झटकून निघून गेले आणि मरेपर्यंत त्यांनी तुळजाबाईचं पाणी घेतलं नाही. पण बद्रीनाथ पुढं झाला. मग काकांची बायको. मग जिनं इतक्या वर्षांत विस्तव दिला नव्हता ती शेजारीण. घागर संपली तशी रहिमुन्निसानं दुसरी आणली आणि ती आणताना तिला कोणी बाजूला हो म्हटलं नाही. तहान कोणालाच नव्हती. तरी रांग लागली.

त्या रांगेत मीही होतो. कवी म्हणून जरा ऐटीतच. आपल्या गाण्यानं जमीन भुसभुशीत केली, भजी नंतर आली, असं मनाशी जुळवून झालं होतं. माझी पाळी आली. तुळजाबाईचे डोळे सुजले होते, पण जीभ पूर्ववत झाली होती.

"कचरू, गानं चांगलं केलंस. घसा कोरडा पडला आसंल."

"हो, आक्का," मी म्हणालो आणि हात पुढं केले.

"वाचनालयात माझ्या दारावरून जातोस. रोज दोनदा." तिचा आवाज शांत होता. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागला. "तीन वरसं मी उंबऱ्यात बसलेली आसायचे. तू मान खाली घालून, कायबी पुटपुटत जायचास. गानं जुळवत आसशील."

आई रागावेल, काका रागावतील, मंडळाचं काम बिघडेल, अशी कारणं तेव्हा माझ्याजवळ पुष्कळ होती, आणि ती सगळी त्या घटकेला माझ्या तोंडात बेसनासारखी चिकटून बसली. मागं रांग थांबली होती. तिनं तांब्या माझ्या हातात दिला.

मी प्यालो. पाणी थोडं मचूळ होतं, आमच्या गावातल्या सगळ्याच पाण्यासारखं. रिकामा तांब्या परत दिला तेव्हा तिनं तो पदरानं पुसला आणि पुढच्या माणसासाठी भरता भरता म्हणाली,

"एकदा जरी दारात थांबून पाणी मागितलं आसतंस ना कचरू, तर मला जालनं आठवलं नसतं."